थांबलेलं बारसं

गडमुडशिंगी
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

वर्षाराणी,

तुला आणि बाळीला आशीर्वाद, पण ते लांबूनच घ्या. हे पत्र मी पिशवीत घालून फाटकाला अडकवते. विजू बाहेरूनच उचलून नेईल. वाचून झालं की हात साबणानं धू आणि मगच बाळीला घे.

एकाच जिल्ह्यात राहून नणंद-भावजय पत्रं लिहितात, हे माझ्या चौथीच्या वर्गात सांगितलं तर पोरं हसतील. पण करायचं काय? फोनवर मी चार शब्द बोलले की पाचवा खोकलाच असतो. आणि तुझा मोबाईल तुझ्या आईनं कपाटात कुलूप लावून ठेवलाय. बाळंतिणीनं मोबाईल बघितला की डोळे जातात, हे चिमणाबाईंचं शास्त्र. त्यांच्यापुढं डॉक्टरांचं चालत नाही, माझं कुठलं चालतंय?

शुक्रवारी वर्गात नऊ पोरं गैरहजर होती. जी हजर होती त्यातली निम्मी बाहीला नाक पुसत होती. दुपारपासून माझं अंग मोडून आलं आणि संध्याकाळी ताप एकशे दोनवर गेला. काल सकाळी अरीबा डॉक्टरांकडं जाऊन आले. त्यांनी नाकात काडी घालून तपासणी केली. साधी सर्दी नाही, फ्लू आहे म्हणाल्या. औषधं दिली आणि घरातच राहायला सांगितलं. मी एकच विचारलं, किती दिवस? त्यांनी नीट समजावलं. ताप उतरल्यावर, तापाची गोळी न घेता, पूर्ण चोवीस तास ताप आला नाही आणि बरं वाटायला लागलं की बाहेर पडायचं. पुढचे पाच दिवस मास्क लावायचा आणि गर्दीत जायचं नाही. नऊ तारखेला भाचीचं बारसं आहे, हेही मी सांगितलं. पण तेवढ्यात अशी उबळ आली की पुढचं बोलणं राहूनच गेलं.

विजूला शुक्रवारी रात्रीच घरातून हाकललं. तो शाहूपुरीत दुकानाच्या वरच्या खोलीत राहतोय. दिवसभर मोटारी दुरुस्त करायच्या आणि तिथंच झोपायचं. त्यालाही बाळीच्या डॉक्टरांनी पाच-सहा दिवस बाळाजवळ जाऊ नका म्हणून सांगितलंय. तो शिरोळला आला तरी त्याला खिडकीतूनच लेक दाखव. तोंड पाडेल, पाडू दे.

मला शेजारची तानाबाई फाटकावर भाकरी-आमटी ठेवून जाते. ठेवते आणि वेशीपर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारते. त्यामुळं क्रांतीबाईंना काहीतरी झालंय, हे आता सगळ्या गावाला ठाऊक आहे.

गणित मांडून ठेवलंय. मंगळवारपर्यंत ताप जाईल. बुधवारी मी मोकळी. रविवारी बारसं. नऊ वर्षं वाट बघितली आपण दोघींनी. त्यातली दोनदाची रडारड तुला आठवते तशी मलाही आठवते. बाळी आठव्या महिन्यातच आली. तीन आठवडे ती काचेच्या पेटीत होती आणि मी काचेबाहेर. अजून तिला माझा हात लागलेला नाही. आता एकदम तिच्या कानाशीच तोंड नेणार आहे. नाव ठरलंय. विजूलाही सांगितलेलं नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही. कानात नाव सांगितल्यावर तुझ्या माहेरच्या बायकांना माझ्या पाठीत काय धपाटे घालायचे ते घालू देत. पाठ तयार आहे.

तुझी वन्सं,
क्रांती


शिरोळ
मंगळवार, ४ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र आईनं आधी अर्धा तास उन्हात ठेवलं, मग मला दिलं. मी दोनदा वाचलं. तुम्ही आजारी आहात आणि मी इथं शेक-शेगडी घेत पडलेय, हे मनाला बरं वाटत नाही. घरी असते तर कुळथाचं कढण करून दिलं असतं. तानाबाईंना सांगा, आमटीत तिखट कमी घाला. त्या सांगून ऐकायच्या नाहीत, तरी सांगा.

बाळी बरी आहे. काल वजन केलं. दोन किलो तीनशे भरलं. दूध पिताना दमते. चार घोट घेते, थांबते, माझ्याकडं बघते आणि पुन्हा चार घोट. कोल्हापुरातनं सोडताना तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, नाक गळणारं, खोकणारं माणूस उंबऱ्याच्या आत घेऊ नका. हिची छाती अजून कच्ची आहे म्हणाले. म्हणून आईनं सगळ्या गल्लीला दारातनंच वाटंला लावलंय. चार घरांची तोंडं वाकडी झालीत.

तुमचे भाऊ काल आले होते. खिडकीच्या गजाला धरून पाऊण तास उभे होते. बाळीनं एकदाही डोळा उघडला नाही. मी म्हटलं, उठवू का, तर नको म्हणाले. जाताना परत दोनदा वळून आले.

आईची मावशी, झुंबरबाई आजी, परवा आलीय. महिनाभर राहणार आहे. बाळीला तेल लावायला तिच्यासारखा हात कुणाचा नाही.

वन्सं, एक बोलू का? बारसं आठ-पंधरा दिवस पुढं ढकललं तर? आमंत्रणं काय, परत सांगता येतील. तुमची तब्येत एकदम नीट होऊ दे. आईसुद्धा तेच म्हणतेय. तुम्हाला कसं वाटतंय ते कळवा. राग मानू नका.

तुमची,
वर्षाराणी


गडमुडशिंगी
गुरुवार, ६ फेब्रुवारी

वर्षाराणी,

ताप गेला. मंगळवारी सकाळीच तापाच्या गोळ्या बंद केल्या. त्या दिवसापासून वहीत रकाने आखून सकाळ, दुपार, संध्याकाळ मोजतेय. एकदाही नव्व्याण्णवच्या वर गेला नाही. बुधवार पूर्ण कोरडा गेला. आज अंगणात फाटकापर्यंत चार फेऱ्या मारल्या, गुडघेसुद्धा कुरकुरले नाहीत. खोकला आहे थोडा, तो मागं रेंगाळतोच. डॉक्टरांनी सांगितलेलं गणित माझ्याकडून सुटलंय. रविवारी मास्क लावून येते. कानात नाव सांगण्यापुरता खाली घेईन.

आता दुसरं. राग मानू नका म्हणालीस. मानलाय.

काल विजू फाटकावर आला होता. मी विचारलं, बारसं पुढं ढकलायचं कुणाच्या डोक्यातनं आलं? आधी त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि मग ओकला. तुमच्याकडं झुंबरबाई आल्या आल्या विचारती झाली म्हणे, नाव कोण ठेवणार? आत्या, असं सांगितल्यावर तिनं पुढं जे विचारलं ते विजूनं मला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. चौदा वर्षं तो प्रश्न लोकांच्या तोंडावर वाचत आलेय मी.

हे गेले तेव्हा मला कोपऱ्यात बसवलं होतं. तेरा दिवस. ते दिवस संपल्यावर बाहेर येईन असं वाटलं होतं मला. वय काय, तेहेतीस. पण बाहेर यायचा दिवस कुणी सांगितलाच नाही. हळदी-कुंकवाचं ताट माझ्यापर्यंत आलं की हात थबकतो आणि ताट पुढच्या बाईकडं जातं. शाळेत मी शंभर पोरांना ओरडून गप्प करते. पण कुणाच्या लग्नात हळद लावायची वेळ आली की मला आपोआप भांडाराच्या खोलीत काहीतरी काम निघतं. कुणी जा म्हणत नाही. मीच जाते. तुमच्याच तालुक्यात एका गावानं विधवांच्या असल्या चालीरीती बंद म्हणून ठराव केला, पेपरात आला. मी तो वर्गात वाचून दाखवला होता.

तू या घरात आलीस तेव्हा पहिल्या संक्रांतीला सगळ्यांच्या आधी माझ्या हातात तिळगूळ दिलास आणि कुंकवाची डबी पुढं केलीस. तेव्हापासून मी तुला माझी मानते. म्हणून विचारते. झुंबरबाईंच्या शब्दाखातर मला बाजूला ठेवायचं असेल तर तसं सरळ सांग. मी समजून घेईन. पण ते खोकल्याच्या नावावर घालू नकोस. मला एवढं शहाणं करून सोडलंय लोकांनी की पडद्यामागचं दिसतं.

क्रांती


शिरोळ
शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र काल संध्याकाळीच मिळालं. रात्री लिहायला घेतलं आणि फाडून टाकलं. रागात लिहिलेलं होतं. आता सकाळी लिहितेय, राग अजून आहेच. हे पत्र घेऊन तुमचे भाऊ इथनंच तडक तिकडं येतील.

झुंबरबाई आजीनं विचारलं, हे खरं आहे. मी तुमच्यापासून लपवलं, हेही खरं आहे. तुम्ही तापात पडलेल्या, वरनं हे कशाला सांगायचं असं वाटलं. चुकलं माझं. काय म्हणाली तेही सांगते, म्हणजे नंतर दुसऱ्याकडनं कळायला नको. म्हणाली, "कुंकू नसलेल्या बाईनं लेकराच्या कानात नाव सांगायचं व्हय?" मी पाळण्यापाशी होते. मी म्हटलं, "आजी, लेकराला आत्या एकच हाय. ती सांगंल ते नाव, न्हाय तर बिननावाची ऱ्हाईल." आईनं मला गप्प बस म्हणून खुणावलं. मी नाही बसले. दोन दिवस आजी माझ्याशी बोलत नव्हती. तेल मात्र वेळेवर लावत होती.

तर झालं ते असं. बारसं पुढं ढकलायचं मी म्हटलं ते आजीसाठी नाही, बाळीसाठी. नऊ वर्षं एका ताटात जेवल्यावर तुम्ही असं लिहावं, याचं वाईट वाटलं. एवढंच.

आता मी विचारते त्याचं उत्तर द्या. तुम्ही लिहिलंय, चार फेऱ्या मारल्या आणि गुडघे कुरकुरले नाहीत. म्हणजे गुडघ्याची ती पांढरी गोळी चालू आहे. आहे ना? सकाळी एक, संध्याकाळी एक. नऊ वर्षं रोज सकाळी तुमच्या चहाच्या बशीत ती मीच ठेवलीय, मला विचारा. एक दिवस विसरले तर तुम्ही जिना उतरत नाही. तापाच्या गोळ्या तुम्ही बंद केल्या असतील, पण ही बंद केली नसणार. कारण ही तुमच्या लेखी तापाची गोळीच नाही.

आज सकाळी बाळीचं वजन घ्यायला आशाताई आल्या होत्या. तुमच्या भावाच्या मोबाईलवर त्या गोळीच्या पाकिटाचा फोटो होता, मागं आणायला सांगितलं होतं तेव्हाचा. तो त्यांना दाखवला. त्या म्हणाल्या, यात तापाचंही औषध असतं, ही खाल्ली की ताप दबून राहतो. तेव्हा अरीबा डॉक्टरांना विचारा, ती गोळी थांबवा आणि मग मापा.

मी तुम्हाला येऊ नका म्हणणार नाही. तुम्ही रविवारी आलात तर दार उघडेन आणि बाळी तुमच्या मांडीवर देईन. देताना भीती वाटेल, तरी देईन. काय ते तुम्ही ठरवा.

वर्षाराणी


गडमुडशिंगी
शनिवार, ८ फेब्रुवारी

वर्षाराणी,

तुझं पत्र काल साडेदहाला हातात पडलं. वाचून डोकं फिरलं. बारावी झालेली पोरगी मला गोळ्या शिकवते म्हटलं. तुला खोटं पाडायचं, एवढ्याच इर्षेनं मी गोळी बंद केली. सकाळची घेतली होती, संध्याकाळची घेतली नाही. पहाटे गुडघ्यांनी जागं केलं. आज अकराच्या सुमाराला थंडी वाजायला लागली. दुपारी मापलं तर एकशे एक पॉइंट चार.

वहीतले ते सगळे रकाने खोटे होते. मी चार दिवस ताप मोजत नव्हते, गोळी मोजत होते.

अरीबा डॉक्टरांना फोन केला. दवाखान्यात बोलावून छाती तपासली, छाती मोकळी आहे म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, पण ती तर गुडघ्याची गोळी. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही गोळी कशासाठी घेतली ते तापाला कळत नाही." मग मी बाळीचं सांगितलं. आठव्या महिन्यातली, दोन किलो तीनशे. पहिल्या दिवशी मी त्यांना हे बोललेच नव्हते, खोकल्यात राहून गेलं असं तुला लिहिलं. खरं सांगू? उबळ थांबल्यावर सांगता आलं असतं. सांगितलं तर त्या नको म्हणतील, अशी भीती होती. ऐकून त्यांनी माझ्या केसपेपरवर बाळीचं वजन लिहिलं आणि खाली रेघ ओढली. ती रेघ मला लागली.

उद्या मी येणार होते. साडी इस्त्री करून ठेवली होती. मास्क खाली करून तिच्या कानाला तोंड लावणार होते. चार घोट पिऊन दमणाऱ्या पोरीच्या. दुपारपासून दुसरं काही डोळ्यांपुढून हलत नाही. मी काहीबाही लिहिलं तुला, ते मनात ठेवू नकोस. ठेवलंस तरी माझा हक्क नाही बोलायचा.

आता माझं ऐक. उद्याचं बारसं मोडू नको. हरभरे भिजत घातले असतील, बायकांना सांगावे गेलेत. जयसिंगपूरला आमची चुलतबहीण धोंडुबाईआक्का आहे. नात्यानं तीही आत्याच. सवाष्ण आहे, म्हणजे तुमच्या आजीचंही समाधान होईल. तिला बोलावून घे. नाव चिठ्ठीत लिहून, घडी घालून पिन मारलीय. ती आक्काच्या हातात दे. विजूला उघडू देऊ नको.

मला वाईट वाटेल, वाटू दे. पोरीला काही झालं असतं तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

वन्सं


शिरोळ
सोमवार, १० फेब्रुवारी

वन्सं,

आधी तुमची चिठ्ठी परत घ्या. पिन तशीच आहे, बघा. जयसिंगपूरला निरोप पाठवला नाही.

काल बायका आल्या. पंचवीस-तीस तरी होत्या. त्यांना अंगणातच मांडव घालून बसवलं होतं. पाळणा आत, दारातनं दिसेल असा. चौघी-पाचजणींनी पाळणा म्हटला, बाकीच्यांनी सूर धरला. आईनं बाळीची दृष्ट काढली. सगळं झालं आणि बायका थांबल्या. आत्या कुठाय, कुणीतरी विचारलं. मी सांगितलं, आत्याला फ्लू झालाय, ती बरी होऊन येईल तेव्हा नाव ठेवू. तुम्ही घुगऱ्या खाऊन जावा.

 कुजबूज झाली. एकजण म्हणाली, असं कुठं असतंय? दुसरी म्हणाली, कोरोनात आमच्या नातवाचं तर चार महिन्यांनी केलं. मग द्रोण फिरले आणि सगळ्या घुगऱ्यांच्या मागं लागल्या. शिरोळच्या बायका आहेत त्या. खायला मिळालं की नियम सैल होतात.

झुंबरबाई आजी मात्र पेटली. सगळ्या जायच्या आधी, त्यांच्या देखत मला म्हणाली, "नाव नसलेलं लेकरू किती दिस ठेवायचं गं?"

मी म्हटलं, "वन्संचा ताप जाईल तितकं दिस."

आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते, पण हसत होती.

वन्सं, तुम्ही लिहिलंत, धोंडुबाईआक्का सवाष्ण आहेत, आजीचं समाधान होईल. आजीचं समाधान करायला मी हे करत नाही. तुम्ही काचेबाहेर उभ्या होता तेव्हा मी वॉर्डात पडून होते आणि मला तिच्याकडं जाता येत नव्हतं. मला धड बसता येत नव्हतं. तुम्ही रोज येऊन सांगायच्या, आज मूठ आवळली, आज जांभई दिली. मी तिला तुमच्या डोळ्यांनी बघितलंय. नाव तुम्हीच ठेवायचं. त्याला महिना लागू दे, नाही तर दोन.

माझ्यावर रागावून का होईना, गोळी बंद केलीत, ते देवानं केलं. परत असं रागवत जा.

तुमचे भाऊ आता आत येतात. मास्क लावून, हात धुऊन बाळीला घेतात. पहिल्यांदा घेतलं तेव्हा तिनं डोळे उघडले आणि बघून परत मिटले. ते दिवसभर सगळ्यांना सांगत होते, मला बघितलं म्हणून.

गुडघ्यांना काय करताय? मिठाच्या पाण्यानं शेकत जा. आता तारीख तुम्ही सांगा. आम्ही विचारणार नाही.

वर्षाराणी


गडमुडशिंगी
रविवार, १६ फेब्रुवारी

वर्षाराणी,

चिठ्ठी मिळाली. पिन बघितली आणि चुलीपुढं बसून मनसोक्त रडून घेतलं. तानाबाईनं फाटकावरून हाक मारून विचारलं, काय झालं? धूर झालाय म्हटलं.

ताप गेल्या रविवारी संध्याकाळी शेवटचा आला. त्यानंतर गोळी नाही, काही नाही, तरी आलेला नाही. हे आकडे खरे आहेत, गुडघे साक्षीला आहेत. दोन्ही सुजलेत. भिंतीला धरून न्हाणीघरात जाते. मोरीत बसले की उठवायला कुणी हवं असं वाटतं, मग स्वतःलाच दोन शिव्या देऊन उठते.

चोवीस तास सोमवारी भरले. मास्कचे पाच दिवस काल संपले. काल अरीबा डॉक्टरांकडं गेले आणि या वेळी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, शाळेत जा, बाजारात जा, हरकत नाही. मग मी बाळीचं विचारलं. त्या म्हणाल्या, इतक्या नाजूक बाळाच्या तोंडापाशी जायचं असेल तर खोकला पूर्ण थांबू द्या. नेमका दिवस त्यांनी दिला नाही. दिवस तुम्हीच ठरवा म्हणाल्या.

आज सकाळी विजू मित्राची गाडी घेऊन आला. आंघोळ केलेला, दाढी केलेला. म्हणाला, "चल आक्का, डॉक्टरनं मोकळं केलंय की." साडी तशीच खुर्चीवर होती, मी नेसलेही. चपला घातल्या. फाटकाची कडी काढली आणि खोकले. एकदाच. कोरडा, बारका. विजू म्हणाला, धुरळ्यानं आला असंल. कारखान्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता उडतोय, धुरळा होताही. पण मी कडी परत लावली.

विजूचं तोंड बघवत नव्हतं. आठ दिवस बाळीला बिननावाची हाक मारून तोही कंटाळलाय. मला म्हणाला, आता कुणी अडवलंय तुला? मी म्हटलं, कुणीच नाही. म्हणूनच थांबते.

हे तुला नीट सांगायचंय. चौदा वर्षं मी किती बाजूला राहायचं ते दुसऱ्यांनी ठरवलं. इथं बसू नको, तिथं येऊ नको, याला हात लावू नको. मला वाटायचं, बाजूला राहणं म्हणजे कुणाला तरी आपण नको असणं, एवढंच. कडी लावली तेव्हा तसं वाटलं नाही. फाटकाबाहेर माझं कुणीतरी आहे, दोन-अडीच किलोचं, आणि त्याच्यासाठी मी आत थांबलेय. हे पहिल्यांदा मी ठरवलंय.

पुढच्या रविवारी, तेवीस तारखेला येते. गुरुवारपासून एकदाही खोकला आला नाही, तरच. शनिवारी आला तर रविवारीही नाही, मग त्याच्या पुढच्या रविवारी. झुंबरबाईंना सांग, नाव कुणी ठेवायचं याबद्दलचं त्यांचं मत बदललं नसलं तरी हरकत नाही. मी त्यांच्याशी वाद घालायला येत नाही. भाचीचं नाव ठेवायला येतेय.

वन्सं


शिरोळ
मंगळवार, १८ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र मी या वेळी मोठ्यानं वाचलं. आई ऐकत होती आणि झुंबरबाई आजी बाळीच्या तळपायाला तेल चोळत होती. कडी परत लावली, तिथवर आले आणि पत्र आईच्या हातात दिलं. पुढचं तिनं वाचलं.

आजीनं बाळीचा दुसरा पाय हातात घेतला. मग विचारलं, "येणार कवा?"

मी सांगितलं, रविवारी, खोकला नसला तर.

"असला तर?"

त्याच्या पुढच्या रविवारी.

"मग तवाच करू," म्हणाली. आणि वर म्हणाली, "आली की आधी हात धुवाय सांग."

तुमच्याबद्दल तिनं एवढंच सांगितलं. दुसरं काही नाही.

जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी ठेवायला सांगितलीय. शेजारच्या बायका येता-जाता विचारतात, काय हाक मारता हिला? मी म्हणते, अजून काही नाही.

बाळी तुमची वाट बघतेय, असं लिहिणार नाही. ती झोपलीय, तिला काही माहीत नाही. वाट मी बघतेय.

तुमची,
वर्षाराणी